पिशवीला टाका

एका गावात एक भोळा शिंपी होता. नाव केरबा. हात सोन्याचा, पण डोकं देवाने घाईघाईत टाचलेलं. कापडाचा एक दोरा तो वाकडा जाऊ द्यायचा नाही, आणि माणसाचा एक शब्द त्याला सरळ कळायचा नाही. छे, चुकलं. सरळच कळायचा. तीच तर पंचाईत होती.

गिऱ्हाईक म्हणायचं, "केरबा, सदरा असा शिव की लोक बघत राहिले पाहिजेत." केरबा पाठीवर दोन खिसे लावून द्यायचा. लोक बघत राहायचे.

प्लास्टिकवर बंदी आली आणि सदरे-चोळ्या मागे पडल्या. जो तो कापडी पिशव्या मागू लागला. केरबाची पिशवी म्हणजे पिशवी. दहा किलो ज्वारी भरा, तिचे बंद तुटायचे नाहीत. बघता बघता सगळी पंचक्रोशी त्याला पिशवीवाला केरबा म्हणायला लागली.

त्याची बायको शेवंता. ती शहाणी होती, आणि तिच्या एकटीच्या शहाणपणात दोघांचा संसार चालायचा. घरात उणं एकच. दोनदा शेवंताची कूस उजवायची वेळ आली आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यातच सगळं संपलं. दोन्ही वेळा केरबाने माळ्यावरून पाळणा काढला, धुतला, आणि दोन्ही वेळा मुकाट्याने परत वर ठेवला. त्यावर तो कधी बोलला नाही. पण त्या दिवसांत त्याच्या मशीनचा आवाज कुणाला ऐकू यायचा नाही.

तिसऱ्या खेपेला शेवंता म्हणाली, "अवो, मला दिवस गेल्यात."

"जाऊ दे की," केरबा म्हणाला, "दिवस कुनासाठी थांबल्यात?"

"तसं न्हवं वो. पाळन्याचं बघावं लागंल."

तेवढं मात्र त्याला चटकन कळलं. तो माळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ह्या खेपेला पाळन्याला हात लावायचा न्हाई. आधी दवाखाना."

तालुक्याला मोहितेबाईंचा दवाखाना होता. बाईंनी शेवंताला तपासलं, कागद बघितले आणि केरबाला आत बोलावलं.

"केरबा, दोन्ही वेळा काय झालं ते कळलं. पिशवीचं तोंड सैल आहे. वजन पडलं की उघडतं. टाका घालावा लागेल."

केरबाचा चेहरा उजळला. जन्मात पहिल्यांदा एक डॉक्टर त्याला समजेल असं बोलत होता.

"दुहेरी दोरा घ्या, बाई," तो म्हणाला. "तोंडाला एकेरी टिकत न्हाई."

बाईंना वाटलं, माणूस धीराचा आहे, थट्टा करतोय. त्या हसल्या आणि कामाला लागल्या.

टाका घातला. दोन दिवसांनी घरी सोडताना बाईंनी केरबाला समोर उभं केलं. "शेवंताने वजन उचलायचं नाही. नववा लागला की मी स्वतः टाका काढीन. पण त्याआधी कळा सुरू झाल्या तर तसंच इकडे धावत यायचं. मी असेन, नसेन. जे कोणी असेल त्याला पहिलं वाक्य सांगायचं. पिशवीला टाका आहे, आधी तो काढा. टाका तसाच राहिला आणि बाळ यायला लागलं, तर दोघांच्या जिवावर बेतेल. कळलं?"

"कळलं," केरबा म्हणाला, आणि त्याने मनाशी खूणगाठ बांधली. शिंप्याची गाठ ती. सुटते कसली?

घरी आला. दुकानात वाण्यासाठी शिवलेल्या चाळीस पिशव्या पडल्या होत्या. केरबाने एकेक उचलून बघितली. सगळ्यांची तोंडं सैल! वजन पडलं की उघडणार! बसला मशीनवर आणि संध्याकाळपर्यंत चाळीसच्या चाळीस तोंडं शिवून टाकली. दुहेरी दोऱ्याने.

दुसऱ्या दिवशी मल्लाप्पा वाणी पिशवी हातात घेऊन आला. गावात त्याला सगळे अप्पा म्हणत. रोज पेपर वाचायचा, त्यामुळे त्याला गावात मान होता.

"केरबा, ह्यात साखर कुठून घालू?"

"घालूच नका, अप्पा. वजन पडलं की तोंड उघडतं. डॉक्टरबाईंनी सांगितलंय."

"मग ही पिशवी कशाला आहे?"

"नववा महिना लागू द्या. मी सोता येऊन टाका काढीन."

अप्पाने कपाळाला हात लावला. घरात शेवंता भाजीची पिशवी उघडायला गेली, ती शिवलेली. पिठाची, ती शिवलेली. शेवटी डोकं टेकायला गेली तर उशीच्या अभ्र्याचंही तोंड बंद, आणि उशी बाहेरच राहिलेली. ती आधी पोट धरून हसली. मग तिला बाईंचं बोलणं आठवलं. वेळ आली तर दवाखान्यात ते वाक्य ह्याच माणसाने सांगायचं होतं.

"अवो, बसा हितं. बाई म्हनाल्या ती पिशवी कापडाची न्हवं. बाईमानसाच्या पोटात असती ती. लेकरू तिच्यात वाढतं. तिला पिशवी म्हनत्यात."

"पोटात? कुनी शिवली?"

"देवानं."

केरबाने मान डोलावली. "काम बरं केलंय की त्यानं. येका तोंडालाच चुकला." मग म्हणाला, "म्हंजे कुनी पिशवी म्हटलं की ती पोटातली."

"व्हय, ती पोटातली."

केरबाने मनाशी खूणगाठ बांधली.

आठ-दहा दिवस गेले. बाजाराचा दिवस होता. अप्पा दुकानाच्या पायरीवरून ओरडला, "केरबा, अरे तुझं काम कच्चं निघालं! पाटलीणबाईंची पिशवी फाटली बघ, भर रस्त्यात. सगळे कांदे खाली!"

केरबाच्या हातातली कात्री गळून पडली. "फाटली? आन् कांदं? आत कांदं कशापायी गेलं?"

"कशापायी म्हणजे? बाईंनी घातले म्हणून!"

पाटलीणबाई पासष्टीच्या. चार लेकांची आई, नऊ नातवंडांची आजी. त्या रस्त्यात वाकून कांदे गोळा करत होत्या. तेवढ्यात केरबा स्टँडवरची जीप घेऊन धावत आला. बरोबर चौघे गडी आणि एक बाज.

"पाटलीणबाई, वाकू नका! आडव्या व्हा! वजन उचलायचं न्हाई!" तो गर्दीत शिरून ओरडत होता. "येळेवर टाका पडला तर अजून वाचाल!"

"काय झालं रे?" कुणीतरी विचारलं.

"पाटलीणबाईंची पिशवी फाटली! पोटातली!"

बाजार थिजला. पाटलीणबाईंनी गोळा केलेले कांदे एकेक करून परत फेकले, आणि त्यातला एकही रस्त्यावर पडला नाही. सगळे केरबाला लागले.

दुकानात बसून तो डोक्यावरची टेंगळं चाचपत होता. अप्पा आला. त्याला दया आली होती आणि हसूही आवरत नव्हतं.

"केरबा, चारचौघांत बाईमाणसासमोर पिशवी-पिशवी करू नये रे. चांगला शब्द आहे त्याला. गर्भाशय. पेपरात तसंच लिहितात."

"म्हंजे पिशवीला शिकली-सवरली मानसं गर्भाशय म्हनत्यात?"

"हो. तसंच म्हणतात."

केरबाने मनाशी खूणगाठ बांधली.

दुकानावर पाटी लावायची हौस त्याला फार दिवसांची होती. आता शब्दही चांगला सापडला होता. त्याने हणमा पेंटरला बोलावलं. हणमा सांगाल ते रंगवायचा. वाचणं हे आपलं काम नाही, असं त्याचं मत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटी चढली:

केरबा शिंपी
येथे सर्व प्रकारची गर्भाशये शिवून मिळतील.
धुतल्यावर आटत नाहीत.
जुन्या गर्भाशयांना नवीन बंद लावून मिळतील.

दुपारी केरबा रस्त्यापलीकडे ओरडला, "अप्पा, तुमची पन्नास गर्भाशयं तयार हायती! गोनीत बांधून पाठवू का?"

अप्पाचा चहा नाकातून आला.

पण गंमत पुढेच होती. पाटी वाचून पहिल्या दिवशी तीन बायका आल्या, दुसऱ्या दिवशी सात. डोक्यावरून पदर ओढून भिंतीकडेला बसल्या. एवढ्या बायका ह्या गावच्या त्या गावच्या, कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि प्रत्येकीचं काही ना काही दुखत होतं. एक वयस्क बाई पुढे सरकली आणि हळूच म्हणाली, "दादा, माझी लई दिसापास्नं खाली सरकलीया. चालाया येत न्हाई."

"बंद लांब झालं असतील," केरबा म्हणाला. "आखूड करून देतो."

"दवाखान्यात ऱ्हावं लागंल का?"

"छ्या! आज काढून पाठवून द्या. सांजच्याला घेऊन जावा."

बाई उठली ती थेट तालुक्याला गेली आणि मोहितेबाईंच्या पुढ्यात जाऊन बसली. "आमच्याकडं एक शिंपी हाय," ती म्हणाली, "तो सांजच्याला करून देतो म्हनतोय. तुमी किती दिस घेता?"

मोहितेबाई त्याच दिवशी गावात आल्या. पाटी वाचली. पुन्हा वाचली. मग भिंतीकडेला बसलेल्या बायकांकडे त्यांचं लक्ष गेलं आणि त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. त्या तिथेच पायरीवर बसल्या. प्रत्येकीचं ऐकून घेतलं आणि प्रत्येकीला दवाखान्यात यायचा दिवस लिहून दिला. इतक्या वर्षांत ज्या बायका दवाखान्याची पायरी चढल्या नव्हत्या, त्या केरबाच्या पाटीमुळे बोलत्या झाल्या. पण हे बाईंनी केरबाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने आणखी चार पाट्या लावल्या असत्या.

त्याच्या हातात त्यांनी रॉकेलचा बोळा दिला. "पुसा आधी. आणि नीट ऐका. हातात असते ती पिशवी. पोटात असतं ते गर्भाशय, मग कोणी त्यालाही पिशवी म्हणो. तुम्ही घोळ करू नका. कोणी पिशवी म्हटलं की आधी बघायचं. हातात आहे का पोटात?"

"हातात का पोटात," केरबा म्हणाला, आणि त्याने मनाशी खूणगाठ बांधली.

महिने सरत होते. पाचवा आला तेव्हा दोघंही एकेक दिवस मोजत होती. पाचवा गेला. केरबाने त्या दिवशी विनाकारण सगळ्या गावाला गूळ वाटला. सहावा गेला, सातवा गेला. रोज सकाळी चहाआधी शेवंता विचारायची, "दवाखान्यात जाऊन पयलं काय सांगायचं?"

"पिशवीला टाका आहे, आधी तो काढा."

"कुठल्या पिशवीला?"

"पोटातल्या."

मगच त्याला चहा मिळायचा.

दवाखान्यात न्यायला केरबाने एक खास पिशवी शिवली. शेवंताच्या जुन्या लुगड्याची, मऊ. तिच्यात दुपटी भरली आणि तोंड दुहेरी दोऱ्याने शिवून टाकलं. पहिली खूणगाठ काही सुटली नव्हती. इतक्या कष्टाने भरलेली पिशवी, तिचं तोंड सैल कोण ठेवील?

आठवा सरता सरता एका दुपारी शेवंताने भिंत धरली. "अवो... जीप."

केरबाने एका हातात पिशवी घेतली, दुसऱ्या हाताने बायकोला धरलं. सगळी वाट तो ओठांतल्या ओठांत एकच वाक्य घोकत होता.

दवाखान्यात मोहितेबाई नव्हत्या. शेजारच्या गावी शिबिराला गेल्या होत्या. एक धाकटे डॉक्टर होते, ते वरच्या मजल्यावर दुसऱ्या पेशंटजवळ. खाली एक सिस्टर, आठच दिवसांपूर्वी आलेली, आणि दोन बायका आधीच आत. तिने शेवंताला आत घेतलं आणि केरबाला विचारलं, "पिशवी आणलीय का?"

केरबाने आधी बघितलं. "येक हातात हाय, येक पोटात."

सिस्टरला ऐकायलाही फुरसत नव्हती. केरबाने तिची वाट अडवली आणि छाती भरून म्हणाला, "पिशवीला टाका आहे, आधी तो काढा!"

सिस्टरने त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघितलं. तोंड शिवलेलं, चांगल्या दुहेरी दोऱ्याने.

"अहो, मग काढा की! हे काय माझं काम आहे?" तिने टेबलावरची कात्री उचलून त्याच्या हातात दिली. "दुपटी काढून ठेवा लवकर."

आता केरबाच्या हातात कात्री होती आणि समोर टाका होता. सांगणारीही दवाखान्यातलीच. त्याने कात्रीचं पातं दोऱ्याखाली घातलं.

आतून शेवंता ओरडली.

केरबाचा हात थांबला. त्याला माळ्यावरचा पाळणा दिसायला लागला. काहीतरी चुकत होतं आणि काय ते त्याला कळत नव्हतं. तो डोकं खाजवत पुटपुटू लागला, "हातात का पोटात... हातात का पोटात..." आणि एकदम त्याला उमगलं. अरे, ही बाई तर आपल्यासारखीच चुकली! हातात पिशवी दिसली, म्हणून हातातली समजली!

तो धावत व्हरांड्यात गेला. पिशवी लांब अंगणात फेकून दिली. कात्री टेबलावर ठेवली. परत आला आणि सिस्टरच्या नाकासमोर दोन्ही पंजे पसरले.

"बघा. हातात काय हाय का?"

"नाही. अहो, बाजूला व्हा..."

"हातात न्हाई. म्हंजे कुठं ऱ्हायली?" केरबाचा आवाज फाटला. "पिशवीला टाका आहे! आधी तो काढा! शिकल्या-सवरल्यागत सांगू का? गर्भाशय! माझ्या बायकूच्या गर्भाशयाला टाका हाय!"

सिस्टरने त्याच्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मग बंद दाराकडे. तिचा चेहरा पांढरा पडला आणि ती जिन्याकडे पळाली. "डॉक्टर! टाक्याची पेशंट आहे!"

डॉक्टर दोन-दोन पायऱ्या उतरत आले. दार बंद झालं. केरबा तिथेच फरशीवर बसला. रिकामे हात तसेच पुढे धरून बसला होता, खाली घ्यायचं त्याला सुचलंच नाही. अर्ध्या तासाने त्या हातांत सिस्टरने एक मुलगी ठेवली. लाल, सुरकुतलेली, रागावलेली. शेवंता बरी होती. केरबा हमसून हमसून रडला आणि त्याला कशाचीही लाज वाटली नाही.

संध्याकाळी मोहितेबाई आल्या. सगळं ऐकलं. शेवंताला तपासलं आणि बाहेर आल्या. केरबा अंगणातून पिशवी शोधून आणून, माती झटकत उभा होता.

"केरबा," बाई म्हणाल्या, "आज तुमच्यामुळे दोन जीव वाचले. आता शेवटचं सांगते. पिशवीने फार सोसलंय. दोन वर्षं तिला पूर्ण विश्रांती द्यायची. अजिबात कामाला लावायची नाही. ठेवाल लक्षात?"

केरबाने आता घाई केली नाही. आधी बघितलं. हातात का पोटात? पोटात काही उरलंच नव्हतं, लेक बाहेर आली होती, टाकाही बाहेर आला होता. पिशवी हातात होती. आणि तिने सोसलंही होतं बिचारीने. आपणच तिला अंगणात फेकली.

"ठेवीन, बाई," तो गहिवरून म्हणाला, आणि त्याने मनाशी खूणगाठ बांधली.

आठवड्याने शेवंता लेकीला घेऊन घरी आली. पाळणा खाली उतरवलेला होता, धुतलेला होता. दुकानावर हणमा पेंटरने नवी पाटी चढवली होती:

डॉक्टरबाईंच्या हुकमावरून सर्व पिशव्यांना दोन वर्षे पूर्ण विश्रांती.
कोणीही कामाला लावू नये.
झबली शिवून मिळतील.

पाटीखाली अप्पा हवालदिल उभा होता. "अरे, मी गिऱ्हाइकाला साखर कशात देऊ?"

"धोतरात द्या," केरबा म्हणाला. "बाईंचा शब्द म्हंजे शब्द."

शेवंताने पाटी वाचली. "बाईंनी विश्रांती कुनाला सांगितली म्हनालात?"

"पिशवीला."

"आन् माझ्याबद्दल काय म्हनाल्या?"

"तुझ्याबद्दल?" केरबाने आठवून बघितलं. "चकार शब्द न्हाई."

समजावून सांगायला शेवंताने तोंड उघडलं. मग ती लेकीकडे बघून थांबली. पुन्हा पाटी वाचली. हसू दाबत तिने तोंड मिटलं.

"बरुबर हाय तुमचं," ती म्हणाली. "पर पिशव्या अशा दुकानात येकट्या. कुनी उचलून कामाला लावल्या तर?"

केरबा घाबरला. "मग गं?"

"राखन करा. दोन वर्सं तुमचं हातरून तिकडंच टाका."

केरबाने गादी खांद्यावर घेतली आणि दुकानात जाऊन पिशव्यांच्या ढिगाशेजारी अंथरली. दोन वर्षं तो तिथेच झोपला. मोठ्या इमानाने झोपला. त्या दोन वर्षांत केरबाच्या घरातल्या एकाही पिशवीची विश्रांती मोडली नाही. हातातलीची नाही, आणि पोटातलीचीही नाही.